मंजुरीपर्यंतचे सर

सरांच्या दारात चपला काढताना आधी शेंगदाण्यांचा वास घ्यायचा, ही आम्हा सगळ्यांची सवय होती. खरपूस वास आला तर आत बसलेल्याचं काही खरं नाही आणि करपलेला आला तर त्याचं नशीब उघडलं, असं समजायचं. कुणी संशोधनाचा विषय घेऊन आलं की सर गॅसवर कढई ठेवायचे, तिच्यात दोन मुठी शेंगदाणे टाकायचे आणि समोरच्याकडे पाठ करून ते हलवत ऐकत राहायचे. विषय नेहमीचा असला की हात चालू राहायचा आणि दाणे छान लालसर निघायचे. ते तुमच्या ओंजळीत घालून सर म्हणायचे, खा आणि घरी जा. विषयात काही असलं तर मात्र त्यांचा हात थांबायचा. ते वळून तुमच्याकडे बघत राहायचे आणि मागे कढईत दाण्यांचा कोळसा व्हायचा. लातुरात पीएच.डी. करू पाहणाऱ्या कित्येकांनी त्या घरात उत्तम भाजलेले शेंगदाणे खाल्ले आहेत. मी तर पोटभर खाल्ले.

सर माझे मार्गदर्शक नव्हते. माझे कागदोपत्री मार्गदर्शक नांदेडला होते. सज्जन माणूस, पण माझ्यासारखे बरेच त्यांच्या गळ्यात पडलेले आणि मीटिंगा त्याहून जास्त. मी फोन केला की ते म्हणायचे, "करा, करा, छान आहे." काय छान आहे हे विचारायची माझी हिंमत नव्हती, कारण तोवर मी काहीच केलेलं नव्हतं.

मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होते. माहेर लोह्याजवळच्या खेड्यातलं, शेतीवाल्यांचं. घरात कुणी संशोधन हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर ऐकलेला नव्हता. आईला वाटायचं मी काहीतरी औषध शोधतेय. प्रवेश परीक्षा पास झाले तेव्हा गावभर पेढे वाटले, आणि त्यानंतर लक्षात आलं की आता पुढे काय करायचं हे आपल्याला कुणीच सांगणार नाही. सिनॉप्सिस लिहायची, म्हणजे आपण काय शोधणार आणि कसं शोधणार याचा आराखडा करायचा. तो तीन महिन्यांत नांदेडला विद्यापीठात समितीपुढे मांडायचा. समितीने मंजूर केला तर नोंदणी पक्की, नाही तर सगळं रद्द आणि पुन्हा प्रवेश परीक्षा. आमच्या प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, की पुढच्या वर्षी नोंदणी पक्की असलेल्यांनाच तास मिळतील. घरी नवरा काही बोलत नव्हता. तो काही बोलत नव्हता याचीच मला जास्त धास्ती होती.

त्या दिवसांत मला पहाटेच जाग यायची. उद्दिष्ट आणि गृहीतक यांत फरक काय, हे मी वेगवेगळ्या लोकांना विचारलं आणि प्रत्येकाने वेगळा सांगितला. फोनमध्ये उतरवून घेतलेले लेख इतके साठले, की फोन जागा नाही म्हणून कुरकुरायला लागला. त्यातला एकही मी शेवटपर्यंत वाचला नव्हता. संशोधकांच्या एका ग्रुपवर रोज कुणाचं तरी अभिनंदन चाललेलं असायचं. मीही हात जोडलेली खूण टाकायची आणि फोन पालथा ठेवायची.

स्टाफरूममधल्या एका सहकारी बाईंनी सरांचं नाव सांगितलं. सांगताना आवाज खाली घेतला. जा, पण जपून जा, म्हणाल्या. सुरुवात करून देण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नाही, पण तो सुरुवातीच्या पुढे जाऊ देत नाही.

सर एका कॉलेजातून समाजशास्त्राचेच शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एकटेच. त्यांनी स्वतः तीनदा पीएच.डी.ला नाव घातलं होतं आणि एकदाही समितीपुढे गेले नव्हते. कॉलेजात त्यांना सगळे तीन साखरपुड्यांचा नवरदेव म्हणायचे. तिसऱ्या वेळची गोष्ट तर ठरलेली होती. सर सिनॉप्सिस घेऊन लातूरहून नांदेडच्या गाडीत बसले, लोह्याला गाडी थांबली तेव्हा बाजारात त्यांना काहीतरी दिसलं, आणि आपण विचारलेल्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न चांगला आहे असं वाटून ते खाली उतरले. संध्याकाळपर्यंत बाजारातच हिंडले. समिती नांदेडला वाट बघून उठली. ही गोष्ट सांगताना लोक हसून बेजार व्हायचे. मला हसू यायचं नाही.

तरीही मी गेले, कारण दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

त्यांच्या घरात कपाट नव्हतं. पुस्तकं ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. एखादं पुस्तक हवं असलं की सर कोठीत कमरेपर्यंत वाकायचे आणि आतूनच बोलायचे. तुम्ही मांडीवर पर्स घेऊन बसलात तर ते आधी ती खाली ठेवायला लावायचे. पळायच्या तयारीत बसायचं न्हाई, म्हणायचे. शीर्षक आधी सांगितलेलं त्यांना खपत नसे. मूल व्हायच्या आधी कुणी बारसं करतं का, असं विचारून ते समोरच्याला गप्प करायचे. सगळ्यांना अहो-जाहो आणि बायकांना 'बाई', मग ती विशीतली असो की पन्नाशीतली.

मी आधी बचत गट नेला. दाणे छान भाजले. मग महिला सक्षमीकरण नेलं. आणखी छान भाजले. तिसऱ्या खेपेला माझ्याकडे न्यायला काही उरलंच नव्हतं. मी नुसती जाऊन बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सर, तुमच्या इमारतीतल्या बायका सारख्या जिन्यात का बसलेल्या असतात?"

सर राहायचे तो भाग शिकवण्यांचा. त्यांच्या वरचे सगळे मजले एकेका खोलीत वाटून दिलेले होते आणि प्रत्येक खोलीत एक आई आणि तिचं अकरावी-बारावीतलं लेकरू. कुणी उदगीरकडची, कुणी किनवटकडची, एक तिकडचीच इस्लापूरची. घर, नवरा, शेत, सासू-सासरे तिकडे आणि ही इकडे, लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून दोन वर्षं स्वयंपाक करायला आलेली. येता-जाता मी बघायची तर या बायका भाजी घेऊन, तांदूळ घेऊन जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेल्या. आणि गप्प. इतक्या बायका एकत्र आणि गप्प.

सरांचा हात मंदावला. "कामून बसत असतील?"

मी म्हटलं, खोली एकच आहे. आत लेकरू वाचत असतं. भांड्याचा आवाज नको, बांगड्यांचा नको, म्हणून बाहेर बसत असतील. आणि जिन्यात बोललं तर ते प्रत्येक खोलीत ऐकू जाणार, म्हणून गप्प.

सर वळले. कढईतून धूर यायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला इतका आनंद झाला, की गॅस बंद करा हे सांगायचंही सुचलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला पेनबंदी केली. आधी महिनाभर जिन्यात जाऊन बसायचं आणि काही लिहायचं नाही. पेन दिसला की माणूस सरळ बसतो, आणि सरळ बसलेला माणूस आपल्याला पाहिजे तेच बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मी जाऊन बसू लागले. मेथी निवडली, शेवगा सोलला. बायका हळूहळू सरकून जागा द्यायला लागल्या. मला ते आवडायचं, पण घरी आले की जीव खाली-वर व्हायचा. समितीची तारीख जवळ येत होती आणि माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. निवडलेली मेथी समितीला दाखवता येत नाही.

तशात नांदेडहून मार्गदर्शकांचा फोन आला. पायलट स्टडी केली का, म्हणाले. प्रश्नावली वाटून थोडी माहिती गोळा केल्याशिवाय समिती उभं करत नाही. मी सरांना न विचारता प्रश्नावली केली. उठता किती वाजता, लेकराशी बोलता का, गावाकडे कधी जाता, इथे समाधानी आहात का, असे सात-आठ प्रश्न आणि प्रत्येकापुढे अ, ब, क, ड चे गोल. प्रती काढून जिन्यातल्या सगळ्या बायकांना दिल्या, सावकाश भरा म्हटलं, आणि आठवड्याने गोळा करायला गेले.

सगळ्यांनी भरल्या होत्या. व्यवस्थित, निळ्या पेनाने, गोल काळजीपूर्वक रंगवून. पहिली बघितली, दुसरी बघितली, आणि तिसरीला मी थांबले. सगळ्यांची उत्तरं एकच. पहाटे एकाच वेळी उठणाऱ्या, गावी एकाच सणाला जाणाऱ्या, आणि बहुतेक सगळ्या सारख्याच समाधानी.

इस्लापूरची बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "बराबर हायत का म्याडम? वरच्या मजल्यावरच्या ताई बीएस्सी हायत. त्यांनी आधी सोडवला पेपर, मग आमी समद्यांनी जुळवून घेतला." मग ती जरा भीत म्हणाली, "सातवा मी सोडून देलाय. लेकराच्या पेपरात चुकलं की मार्क कापतेत म्हून."

सातवा प्रश्न समाधानाचा होता. तिने एकटीने तो कोरा ठेवला होता. पण त्या वेळी मला त्यातलं काही दिसलं नाही. सगळं वाया गेलं एवढंच दिसलं. मी गठ्ठा घेऊन खाली सरांकडे आले, त्यांच्यापुढे टाकला आणि खुर्चीत बसून रडले. पर्स मांडीवरच होती, पण सर काही बोलले नाहीत. ते कागद चाळत होते. दुपारच्या चहाबरोबरचे त्यांचे स्वतःचे दाणे कढईत होते. ते इतके जळाले, की धूर बघून वरच्या बायका खाली आल्या.

"बाई," सर म्हणाले, "ह्यांना कुणी परीक्षेला बसा म्हटलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

"तरीबी बसल्या. लेकरासोबत राहून राहून ह्याबी परीक्षेलाच बसल्यात. अन् ह्या एकीनं कोरं सोडलंय, बघा. ह्याच्यात तुमचा प्रश्न हाय." त्यांचे डोळे चमकत होते. ते येरझाऱ्या घालायला लागले. आता घाई करायची नाही, म्हणाले. आता गावाकडं राहिलेल्या नवऱ्यांना भेटायला पाहिजे, उदगीरला जायला पाहिजे, लेकरं पास झाल्यावर परत गेलेल्या बायकांना शोधायला पाहिजे. मग सहज म्हणाले, ह्या खेपेला समिती राहू द्या, पुढच्या खेपेला जाऊ.

सहकारी बाई सांगत होत्या तो हाच क्षण, हे मला ओळखू आलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. याच माणसाने मला पहिल्यांदा काहीतरी दाखवलं होतं, आणि हाच माणूस मला त्याच्या कोठीत पाल्याबरोबर ठेवून देणार होता.

मी कागद गोळा करायला लागले. सरच थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "माझ्यासारखं होईल म्हून भ्या वाटतं का?"

मी होकाराची मान हलवली.

ते खुर्चीवर बसले. कढई सिंकमध्ये अजून धुमसत होती. "वाटू द्या," ते म्हणाले. "मला कधी वाटलंच न्हाई. मला दर वेळेला मजाच वाटली. म्हून मी असा राहिलो."

इतकं सरळ कुणी स्वतःबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या आवाजात खंतही नव्हती, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग उठून त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, कोरे कागद मांडले आणि म्हणाले, बसा, पुरं करू.

पुढचे काही दिवस मी कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे जात होते. पुरं करणं त्यांना येत नव्हतं. हे मी चेष्टेने लिहीत नाही. एक परिच्छेद झाला की त्यांना दुसरीच वाट दिसायची आणि ते तिकडे निघायचे. मी 'सर' म्हटलं की परत यायचे, कपाळावरचा घाम पुसायचे. एकदा माझा झालेला भाग वाचता वाचता त्यांनी अर्धं पान खोडलं. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्यांनी स्वतःच पेन्सिल माझ्या हातात दिली. ही तुमच्याजवळ ठेवा, म्हणाले, न्हाईतर मी परत सुरू करीन. त्यानंतर ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत आणि मी वाचून दाखवलेलं ऐकत. घाबरलेली मी होते, पण त्या टेबलाशी त्यांचीच अवस्था जास्त वाईट होती.

समितीच्या दिवशी सकाळी बसस्टँडवर गेले तर सर आधीच येऊन उभे. खांद्याला शबनम पिशवी, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मी बोलावलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी लोहा आठवलं.

अहमदपूरपर्यंत मी मनातल्या मनात पाठांतर करत होते. सर खिडकीशी होते. लोह्याला गाडी स्टँडात शिरली तसे ते एकदम पुढे झुकले. "बाई, ते बघा," ते म्हणाले. "ते काय करून राहिलेत तिथं?"

त्यांनी काय पाहिलं ते मला आजही माहीत नाही, कारण मी मान वळवलीच नाही. माझं सगळं माहेर त्या स्टँडावरून ये-जा करतं, पण मी समोरच्या सीटच्या फाटक्या कव्हराकडे बघत राहिले आणि त्यांच्या पिशवीचा बंद मुठीत धरला. ते अर्धे उठले होते. बंद ताणला गेला तसं त्यांनी माझ्या मुठीकडे बघितलं आणि खाली बसले. कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी निघाली. नांदेडपर्यंत मी तो बंद सोडला नाही.

विद्यापीठाच्या आवारात शिरल्यावर सर एका कडुलिंबाच्या पारावर बसले. मी इथंच थांबतो, म्हणाले. त्या इमारतीच्या आत ते कधीच गेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मीही या म्हटलं नाही.

आत सगळ्यांच्या हातात स्पायरल केलेले गठ्ठे आणि तोंडं सुकलेली. माझा नंबर आला. मार्गदर्शक कोपऱ्यात माझ्याहून भेदरलेले बसले होते. मी बोलले ते मला नीटसं आठवत नाही. अध्यक्षांनी पानं उलटली आणि विचारलं ते मात्र आठवतं.

"तुमच्या पायलट स्टडीत सगळ्यांची उत्तरं सारखी आहेत. हे तर कॉपीचं प्रकरण झालं. ही माहिती बाद नाही का?"

मी म्हटलं, "हो सर, त्यांनी कॉपीच केली. पण ही परीक्षा आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना चुकायची भीती वाटली. ती भीती त्यांच्यात कुठून आली, ते मला शोधायचंय."

मग समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, की हे सगळं मी कुठे बसून बघितलं. जिन्यात, मी म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद अध्यक्षांकडे सरकवला. शीर्षक लहान करा, एवढं सांगून अध्यक्षांनी मंजूर केलं. बाहेर आल्यावर मार्गदर्शक म्हणाले, मी म्हटलं होतं ना, छान आहे.

मी पळतच पाराकडे गेले. सर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"मंजूर झालं, सर."

ते उठले, परत बसले. पिशवीचा बंद सारखा केला. मला वाटलं आता काहीतरी मिश्कील बोलतील, निदान समितीने काय विचारलं हे तरी विचारतील. पण ते त्या इमारतीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"बाई, मंजूर झाल्यावर पुढं काय करत असतेत हो?"

मला चेष्टा वाटली. पण त्यांचा चेहरा चेष्टेचा नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते स्वतः इथवर कधी आले नव्हते, आणि त्यांच्या हातून सुटून मंजुरीपर्यंत पोचलेला प्रत्येक जण थेट नांदेडच्या मार्गदर्शकांकडे वळायचा, पुढचं सांगायला परत कुणी आलेलंच नव्हतं. इतक्या जणांना सुरू करून दिलेला हा माणूस नवख्या पोरासारखा माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"मलाही माहीत नाही, सर," मी म्हटलं. "उद्या येते, मग बघू."

"मंजूर झाल्यावरबी येता?" सरांनी विचारलं.

"येते ना," मी म्हटलं, आणि आम्ही लातूरची गाडी बघायला निघालो.